ताईचं जुनं

“ही गोळी तुम्हाला कुणी दिली?” डॉक्टरीणबाईंनी विचारलं, आणि धाकटीचं उत्तर पोटातून निघून ओठांपर्यंत यायला नेहमीसारखाच वेळ लागला. तेवढ्यात शेजारच्या खुर्चीवरच्या नवऱ्यानं ते देऊन टाकलं. हिच्या बहिणीनं, तो म्हणाला. तो वीजकंपनीत मीटर तपासायचा. मीटर तपासणाऱ्या माणसाला आयुष्यभर एकच गोष्ट शोधायची सवय लागते, कुणी वीज चोरायला आकडा टाकलाय का, आणि ती सवय घरी आल्यावर चपलांबरोबर दारात काढून ठेवता येत नाही. परवा धाकटी कामावर असताना, गिऱ्हाइकाच्या पॅन्टला खडूनं खूण करता करता जमिनीवर बसली ती उठलीच नाही. म्हणून रक्त तपासलं, आणि आज डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या की सध्या जे काही घेताय ते सगळं टेबलावर काढा. सगळं म्हणजे काय, डोकेदुखीच्या गोळ्या आणि ही एक पट्टी. चंदेरी, कोपऱ्यात दुमडलेली, ताईच्या कपाटाचा वास असलेली. बाईंनी ती उलटी करून नाव वाचलं आणि टेबलाच्या पलीकडच्या कडेला, धाकटीचा हात पोचणार नाही अशी ठेवली. केव्हापासून घेताय, असं विचारलं. थंडी सुरू झाली तेव्हापासून, असं धाकटी म्हणाली, आणि मग तिच्या लक्षात आलं की आपल्याला तर बारा महिने थंडी वाजते.

बाई वयानं लहान होत्या, पण रागावल्या नाहीत. ते धाकटीला जास्त लागलं. त्यांनी स्वतःच्याच गळ्यावर बोट ठेवून समजावलं. इथे एक ग्रंथी असते, थायरॉइड. शरीरानं किती वेगानं चालायचं ते ती ठरवते. शरीराचे आपले पहारेकरी असतात, बाहेरून येणाऱ्या रोगाशी लढायला. काही घराण्यांत हे पहारेकरी फिरतात आणि घरच्याच माणसावर धावून जातात. इथपर्यंत तुमचं आणि तुमच्या बहिणीचं सारखं, त्या म्हणाल्या, पुढे फाटा फुटतो. बहिणीच्या पहाऱ्यानं ग्रंथीला मारलं नाही, तिला नुसतं पळवलं. घंटीवर बोट ठेवलं ते काढलंच नाही. मग माणूस खातो खातो आणि वाळतो, घामाघूम होतो, छाती धडधडते, हात कापतात, डोळे बाहेर येतात. त्याचं नाव ग्रेव्हज. तुमच्या पहाऱ्यानं ग्रंथीच पाडायला घेतली, रोज एक वीट. मग माणूस सुजतो, गारठतो, मंदावतो, केस जातात, आवाज बसतो. त्याचं नाव हाशिमोटो. दोन्ही नावं जुन्या डॉक्टरांची. रोगांना डॉक्टरांची नावं देतात, रोग्यांची कुणी देत नाही, असं धाकटीच्या मनात आलं, पण तेही सावकाश आलं, बाई पुढे गेल्यावर. बाई म्हणत होत्या की ही गोळी पळणाऱ्या ग्रंथीला लगाम घालायची आहे. तुमची ग्रंथी आधीच गुडघ्यावर आली होती, तिला तुम्ही लगाम घातलात.

“आधीच उल्हास, त्यात फाल्गुन मास,” नवरा म्हणाला. बाई हसल्या नाहीत. त्यांनी विचारलं की बहीण आता काय घेते. धाकटीनं सांगितलं की ताईला मागे एक औषध प्यायला देऊन ती ग्रंथी जाळून टाकली, आणि तेव्हापासून ती सकाळी उपाशीपोटी एक बारीक पांढरी गोळी घेते, जन्मभर घ्यायची आहे म्हणते. बाईंनी पेन खाली ठेवलं. “अहो, तीच तर तुम्हाला हवी होती. जाळल्यावर तिची ग्रंथी काही बनवत नाही, पडझडीमुळे तुमची बनवत नाही. दोघींना तेच बाहेरून द्यायचं. वाटा उलट्या होत्या, पण शेवटी दोघींची गोळी एकच.” त्यांनी ती लिहून दिली, उद्या सकाळपासून सुरू करा म्हणाल्या, आणि जाता जाता विचारलं की मूलबाळ किती. दोनदा राहिलं होतं, धाकटी म्हणाली. नवऱ्यानं छताच्या पंख्याकडे बघितलं. बाई म्हणाल्या, त्याचाही याच्याशी संबंध असू शकतो, तेव्हा कुणी रक्त तपासायला हवं होतं. हे वाक्य त्यांनी फार हळू उच्चारलं, तरी खोलीत ते बराच वेळ राहिलं.

रस्त्यावर आल्यावर नवऱ्यानं कागद घडी करून खिशात घातला. येताना गोळ्या मीच आणतो, असं म्हणाला. मग थोडं चालून थांबला आणि म्हणाला, “आज यायचा वार आहे ना तिचा? येऊ दे.” एवढंच. त्या ‘येऊ दे’मध्ये काय होतं ते धाकटीला नीट समजलं, कारण ती मंद होती, बावळट नव्हती. ताई दर आठवड्याला एकदा संध्याकाळी यायची, खिडकीजवळच्या खुर्चीत बसायची, एक कप चहा घ्यायची, धाकटीशी तासभर बोलायची नि जायची. ताईच्या आयुष्यात त्याखेरीज दुसरं दार नव्हतं. ती शहराच्या दुसऱ्या टोकाला एका खोलीत राहायची, टेलिफोन ऑफिसातून मुदतीआधीच निवृत्त झाली होती, आणि आईवडील गेल्यावर नात्यातल्या लोकांनी तिच्या तिखट तोंडाचं निमित्त करून आपापली दारं लावून घेतली होती. राहिलं होतं हे एक. तेही आज बंद व्हायचं होतं. नवरा बसथांब्याकडे निघून गेला आणि धाकटी घरी जायचं सोडून दुकानाकडे वळली. मालकीणबाईंनी सुट्टी दिली होती, पण घरी जाऊन त्या खुर्चीकडे बघत बसण्यापेक्षा काम बरं.

दुकान जमिनीखाली होतं, चार पायऱ्या उतरून. एका बाजूला किल्ल्या करणारा, दुसऱ्या बाजूला बूट शिवणारा. इथे नवीन काही शिवत नसत. तयार कपडे लहान-मोठे करून द्यायचे, एवढंच काम. माणसं वाढतात, वाळतात, आणि कपडा फेकवत नाही म्हणून इथे येतात. वाळलेला माणूस आला की कपडा आत घ्यायचा, हे सोपं. वाढलेला माणूस आला की मात्र आधी शिवण उलटी करून बघायचं की शिवणाऱ्यानं आत मार्जिन ठेवलंय का. असेल तर उसवायचं, सोडायचं, नवीन टीप घालायची. नसेल तर हात जोडायचे. धाकटीला हे काम आईकडून आलं होतं. तिनं स्वेटरची बटणं गळ्यापर्यंत लावली, मालकीणबाईंच्या पंख्याच्या वाऱ्यातून खुर्ची बाजूला ओढली, आणि ढिगातून वरचा कोट घेतला. कोट मोठा करायचा होता. आत भरपूर मार्जिन होतं. जुनी टीप उसवली की कापडावर तिची एक फिकट रेघ राहते, कितीही इस्त्री केली तरी जात नाही. ती रेघ बघताना धाकटीला आपलं सगळं लहानपण एकदम दिसलं, कारण ते तसल्या रेघांनीच भरलं होतं.

घरात कायदा होता. नवं ताईला, जुनं धाकटीला. गरिबी होती असं नाही, आईला कापड वाया गेलेलं खपायचं नाही. ताईचा फ्रॉक ताईला आखूड झाला की धाकटीच्या अंगावर यायचा. ताई लहानपणापासून काटकुळी आणि धाकटी गुबगुबीत, म्हणून आई आधीपासूनच ताईच्या फ्रॉकमध्ये धाकटीपुरतं मार्जिन ठेवायची. म्हणजे कापड ताईच्या अंगावर असतानाच त्याच्या आत धाकटी घडी घालून ठेवलेली असायची. पुस्तकंही तशीच, समासात ताईच्या पेन्सिलीनं उत्तरं लिहिलेली. दप्तर, छत्री, बूट, सगळं. धाकटीनं कधी कुरकुर केली नाही. ती वाट बघायची. ताईला एखादी गोष्ट घट्ट होऊ लागली की धाकटी गप्प बसून तिच्याकडे बघायची, आणि बाबा हसून म्हणायचे, बघा, गोगलगाय नि पोटात पाय. तिचं नाव गोगलगाय पडलं ते तेव्हाच. ताईचं नाव भिंगरी. ताई मात्र तिला लाडानं गोगे म्हणायची, आणि जुनी वस्तू देताना ती धुऊन, तुटलेलं बटण लावून, वर काहीतरी स्वतःचं नवं, एखादी रिबीन नाहीतर खोडरबर ठेवून द्यायची. ताई द्यायला कधी कद्रू नव्हती. फक्त देण्याची तिला एकच रीत माहीत होती, आपलं वापरून झालेलं.

मग ते वर्ष आलं. ताईचं लग्न ठरलं होतं, मुलगा ओळखीचा, वीजकंपनीत नुकता लागलेला, घरी येऊन-जाऊन असायचा. त्याच वर्षी भिंगरी खरोखरच भिंगरी झाली. दोघींची खोली एकच होती. ताई थंडीतसुद्धा खिडकी सताड उघडून झोपायची, पांघरूण लाथाडून द्यायची, आणि ते पांघरूण, कायद्याप्रमाणे, धाकटीच्या अंगावर यायचं. ताई दोघांचं जेवायची आणि तिचे कपडे सैल व्हायचे, आईला पहिल्यांदाच ताईसाठी कपडा आत घ्यावा लागला. ती बोलायला लागली की थांबायची नाही, आणि कुणी थांबवलं की रडायची नाहीतर ओरडायची. डोळे असे झाले की साधं मीठ मागितलं तरी ती डोळे वटारून मागतेय असं वाटायचं. बाबा म्हणायचे, लग्न ठरल्याचा माज चढलाय. आई म्हणायची, स्वभावाला औषध नाही. हे घरातलं आवडतं वाक्य होतं. ताई स्वतःच्या लग्नाचे रुमाल भरत बसायची संध्याकाळी, आणि सुईत दोरा ओवायची वेळ आली की सुई नि दोरा दोन्ही धाकटीपुढे करायची. ओव गं गोगे, माझे हात बघ कसे करतात. धाकटी ओवून द्यायची. जवळजवळ वर्षभर, रोज. ताईचा हात तिच्या हाताला लागायचा तेव्हा तो गरम आणि ओला असायचा, आणि आतून बारीक थरथरत असायचा.

आणि मग तो कप. सगळे बसले होते, मुलगा आणि त्याचे आईवडील, काहीतरी वाद झाला होता, साधाच, दिवस कुठला धरायचा याचा. ताईचा आवाज चढला होता. ती चहा घेऊन मुलाजवळ गेली आणि भरलेला कप त्याच्या मांडीवर गेला. तो ओरडत उठला, बशी फुटली. ताई म्हणाली, सुटला, हातातून सुटला माझ्या. पण ती ते ज्या डोळ्यांनी म्हणाली त्या डोळ्यांवर कोण विश्वास ठेवणार. मुलाची आई म्हणाली, फेकला, मी बघितलं. बाबांनी ताईच्या थोबाडीत मारली, लोकांसमोर. लग्न मोडलं. ताईनं पुढे महिनाभर प्रत्येकाला वेगळं गाठून सांगितलं की सुटला. धाकटीलाही सांगितलं, अंथरुणावर, खिडकी उघडी टाकून. धाकटी दोन पांघरुणांच्या आतून हं म्हणाली. तेवढंच म्हणाली. पुढल्या वर्षी तोच मुलगा पुन्हा आला आणि बाबांना म्हणाला की तुमच्या घराशी माझं वैर नाही, तुमची दुसरी मुलगी शांत आहे. आईनं ताईसाठी शिवलेले लग्नाचे कपडे काढले, उसवले, सैल केले. मार्जिन होतंच.

ताईचा आजार सापडला त्यानंतर बऱ्याच दिवसांनी, टेलिफोन ऑफिसात ती चक्कर येऊन पडली तेव्हा. त्या दिवशी ती सरळ आईवडिलांच्या घरी आली. धाकटी तेव्हा तिथेच होती, पहिलं गेल्यानंतर विश्रांतीला आलेली. ताई दारातूनच ओरडली, अगदी लहान पोरीसारखी खूश होऊन, की मला रोग आहे. बाबा, स्वभावाला औषध निघालं, हे बघा. तिनं गोळ्या दाखवल्या, सगळं समजावून सांगितलं, हात का कापतात, राग का येतो, डोळे का असे. आजारी असल्याचा इतका आनंद झालेलं माणूस धाकटीनं त्याआधी किंवा नंतर बघितलं नाही. बाबांनी वर्तमानपत्र खाली न ठेवता ऐकलं आणि म्हणाले, रोग असेल, पण स्वभावही होताच.  ताईनं गोळ्या पर्समध्ये ठेवल्या, आणि कपाचा विषय त्यानंतर आयुष्यात पुन्हा काढला नाही.

कोटाची एक बाजू उसवून झाली होती. मालकीणबाई म्हणाल्या, आज काय मुहूर्त बघून टाका घालतेस की काय, आणि हसल्या. त्या मनानं वाईट नव्हत्या. धाकटी मंद आहे, हे सगळेच म्हणायचे. हीच तर गंमत होती, भिंगरीचा रोग निदान दिसला तरी, वाईट का होईना पण दिसला. गोगलगायीला गोगलगायीचा रोग झाला तर कळणार कसं? धाकटी हळूहळू जाड झाली, लोक म्हणाले, होतीच गुबगुबीत. ती जेवता जेवता पेंगू लागली, नवरा म्हणाला, कामाचा कंटाळा. आवाज घोगरा झाला, केस फणीत यायला लागले, भुवयांच्या कडा विरळ झाल्या, तळवे खरखरीत झाले. ती वाक्य सुरू करायची आणि समोरचा ते संपवून निघून जायचा. दुसरंही गेलं तेव्हा सासू म्हणाली, अंगात ऊबच नाही हिच्या. आणि ते अक्षरशः खरं होतं. बाबांनी नाव ठेवलं तेव्हापासून सगळ्यांना तिच्याकडून जे अपेक्षित होतं तेच ती अधिकाधिक होत गेली, आणि अपेक्षेप्रमाणे वागणाऱ्या माणसाला डॉक्टरकडे कुणी नेत नाही.

बघितलं ते ताईनं. थंडी सुरू झाली होती, दोघी खिडकीजवळ बसल्या होत्या. ताईनं बोलता बोलता हात पुढे केला आणि धाकटीच्या गळ्यावर, खालच्या बाजूला, जरा फुगीर होतं तिथे ठेवला. आता तिचा हात कापत नव्हता, गार होता. अगं, हे आपलंच आहे, ती म्हणाली. माझंच. थायरॉइड. तिला वाईट वाटलं, पण धाकटीला तिच्या तोंडावर दुसरंही काही दिसलं, जे त्या दिवशी दारातून ओरडताना दिसलं होतं. आता ती एकटी नव्हती. पुढच्या आठवड्यात येताना ती गोळ्या घेऊन आली, नीट कागदात गुंडाळून, वर एक रबरबँड. डॉक्टरकडे जाऊ म्हणालीस तर तुझे हे म्हणतील खर्च कशाला, तेव्हा सध्या ही घे, ताई म्हणाली. तिच्या पर्समध्ये त्या वेळी दुसरी पट्टीही होती, रोजची, पांढरी, बरोबर. ती तिनं दिली नाही कारण ती तिची चालू होती. तिनं आपली जुनी दिली, जिच्यापासून तिची सुरुवात झाली होती आणि जी आता तिला लागत नव्हती. आणि धाकटीनं घेतली, एक शब्द न विचारता, कारण ताईकडून येतं ते जुनंच असतं आणि ते आपल्याला येतंच, थोडं सैल केलं की झालं. जगातल्या दुसऱ्या कुठल्याही दोन बहिणींकडून ही चूक झाली नसती, असं धाकटीला वाटलं. तिनं कोट खाली ठेवला आणि मालकीणबाईंना सांगून घरी निघाली.

ताई आधीच येऊन बसली होती. नवराही आला होता. गोळ्या आणायच्या तो विसरला होता, डोक्यात दुसरं काही असल्यावर विसरणारच. ताई खिडकीजवळच्या खुर्चीत, स्वेटर घालून, खिडकी लावून. ग्रंथी जाळल्यापासून तीही गारठायची. धाकटी समोर बसली, तीही स्वेटरमध्ये. चहा नवऱ्यानंच करून आणला होता, असं तो कधी करत नसे. तो ताईला ताई म्हणायचा, अहो-जाहो करायचा, इतकी वर्षं. आजही त्यानं तसंच बोलायला सुरुवात केली, आवाज न चढवता, मीटरच्या पेटीसमोर उभं राहून ग्राहकाशी बोलतात तसं. डॉक्टरीणबाई काय म्हणाल्या ते सांगितलं. गोळी उलटी होती, सांगितलं. हिचं काहीही होऊ शकलं असतं, सांगितलं. ताईचा चेहरा उतरत गेला. तिचे डोळे अजून पुढे आलेले होते, ते कधी आत गेले नाहीत, त्यामुळे घाबरली तरी ती रागावल्यासारखीच दिसायची.

“मला वाटलं, सुरुवात त्या गोळीनंच करायची असते,” ती म्हणाली. “माझी तशीच झाली होती.”

नवरा म्हणाला की तुम्हाला नेहमीच काहीतरी वाटत असतं. मग त्यानं कप खाली ठेवला आणि जे इतकी वर्षं पोटात होतं ते बाहेर काढलं. माझ्यावर उकळता चहा फेकलात तेव्हाही म्हणालात, सुटला. हिचा संसार तुमच्या डोळ्यांत खुपतोय हे मला पहिल्या दिवसापासून माहीत आहे. जे आपल्याला मिळालं नाही ते बहिणीला का मिळावं, हेच ना? तेव्हा कप, आता गोळी. ताईनं उलट उत्तर दिलं नाही. पूर्वीची ताई असती तर तिनं घर डोक्यावर घेतलं असतं. पण तो रागही ग्रंथीबरोबर जळून गेला होता, आणि आता जेव्हा त्याची खरी गरज होती तेव्हा तिच्याजवळ काही नव्हतं. ती पर्सची चेन उघडत बंद करत बसली. धाकटीच्या आत वाक्य तयार होत होतं. ते तिला दिसत होतं, लांबून येताना, आणि ते पोचायच्या आत ताई उठेल, दाराबाहेर जाईल, अशी भीती तिला वाटली. तिनं खुर्चीचा हात धरला.

“कप सुटलाच होता,” ती म्हणाली.

नवऱ्यानं विचारलं, कुठला कप. तो, धाकटी म्हणाली. तेव्हाचा. तिचे हात कापायचे. सुईत दोरा जायचा नाही तिच्यानं. वर्षभर मी ओवून द्यायचे. एवढं बोलायला तिला खूप वेळ लागला, पण या वेळी तिचं वाक्य दुसऱ्या कुणी संपवलं नाही. नवरा हसला. वरातीमागून घोडं, तो म्हणाला, आणि कपबशा उचलून आत गेला. त्याच्यासाठी ते तिथेच संपलं. आतून नळाचा आवाज यायला लागला.

ताई त्याच्याकडे बघतच नव्हती. ती धाकटीकडे बघत होती.

“तुला माहीत होतं?”

धाकटीला बरंच काही म्हणता आलं असतं. हात कापतात एवढं माहीत होतं, ते रोगानं कापतात हे कुणाला ठाऊक होतं. लहान होते. कुणी विचारलं नाही. हे सगळं खरं होतं. पण कापणाऱ्या हातातून कप पडतो ही बेरीज करायला डॉक्टर लागत नाही, आणि धाकटीनं ती बेरीज त्याच संध्याकाळी केली होती, बशीचे तुकडे गोळा करताना. केली होती आणि गप्प बसली होती. कुणाच्या भीतीनं गप्प बसली होती असंही नाही. ताईला एखादी गोष्ट घट्ट होऊ लागली की ती ज्या गप्पपणानं बसायची, त्याच गप्पपणानं. फ्रॉकची वाट बघायची तशी. तिला तो मुलगा आवडत होता असंसुद्धा नाही. तिला फक्त सवय होती की ताईचं सुटलं की ते आपल्याकडे येतं. हे ताईला सांगायला शब्द नव्हते, आणि असते तरी ते कधी पोचले असते कोण जाणे. ताई थांबली होती. एवढ्या आयुष्यात धाकटीच्या उत्तरासाठी थांबणारं तेच एक माणूस होतं, आणि आजही ते थांबलं होतं.

“हो,” धाकटी म्हणाली.

ताईनं मान हलवली. पर्समधून रोजची पट्टी काढली, पांढरी, अजून एकही गोळी न काढलेली, आणि धाकटीच्या मांडीवर ठेवली. तुझ्या यांनी आणल्या नसतील आज, ती म्हणाली. पण किती घ्यायची ते तुझ्या बाईंना विचारून घे हो, या वेळी विचारून. नवी आहे. मग ती उठली आणि सरळ चालत गेली. जिन्यावर तिची पावलं वाजली, मग रस्त्याच्या आवाजात मिसळली. धाकटी उठायला निघाली होती, पण ती खुर्चीतून उठेपर्यंत खाली कुणी नव्हतं.

पुढल्या आठवड्यात ताई आली नाही. त्याच्या पुढच्याही नाही. धाकटीनं फोन केला तेव्हा ती नीट बोलली, गोळी उपाशीपोटी घेतेस ना, चहा लगेच पिऊ नकोस, एवढं सांगितलं आणि ठेवला. मग धाकटीनंही करायचा सोडला. रोज सकाळी उठल्यावर ती पाण्याबरोबर ती बारीक गोळी गिळते. त्याच वेळी तिकडे दुसऱ्या टोकाच्या खोलीत ताईही गिळत असणार, तीच गोळी. गोळी लागू पडली आहे. आधी तळव्यांना ऊब आली. मग चेहऱ्याची सूज उतरली, आवाज सुटला, जिना चढताना धाप लागेनाशी झाली. दुकानात मालकीणबाई म्हणाल्या, आता तुझ्यामागे धावावं लागतं. तिनं स्वतःचे सगळे कपडे आत घेतले. आणि डोक्यातलं ते धुकं गेल्यावर तिला एकेक गोष्ट लख्ख आठवायला लागली, ताईचा ओला गरम हात, सुईचं नेढं, बशीचा निळा काठ. पूर्वी आठवण येता येता पेंग यायची. आता येत नाही.

काल नवरा जेवता जेवता तिच्याकडे बघत राहिला, आणि समाधानानं म्हणाला, “बघ. ती यायची थांबली आणि तू बरी झालीस.” उत्तर लगेच ओठांवर आलं, पूर्ण, एकही शब्द न अडखळता. त्यानं ते संपवलं नसतं, त्याला तेवढा वेळच मिळाला नसता. धाकटीनं त्याला आणखी भात वाढला आणि गप्प बसली.